सराव पाहण्यास सक्त मनाई

ऑस्ट्रेलियातल्या वारिंडा गावच्या फुटबॉल क्लबचा सराव कुणीही पाहू नये, हा नियम आल्विनसरांनी स्वतः केला. स्वतः लिहिला, स्वतः मांडला, आणि मंजूर झाल्यावर टाळ्यांना सुरुवातही स्वतःच केली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात त्यांना ‘मला काय ठाऊक’ म्हणायची सोय उरली नाही.

नियमाचं खरं कारण होतं क्लॅरी हॉफमन. क्लॅरी क्लबच्या समितीवर दरवर्षी बिनविरोध निवडून येतो, कारण सामन्याच्या दिवशी शेगडीपाशी उभं राहून सॉसेज भाजायचं काम दुसरं कुणी अंगावर घेत नाही. माणूस वाईट नाही. पण सरावाच्या वेळी कुंपणाला टेकून उभा राहिला की त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही. “अरे, डावीकडून चाल करायची ठरलंय ना तुमचं? मग उजवीकडे काय शेण गोळा करतोस?” असं तो खेळाडूंना एवढ्या मोठ्यानं विचारतो की रस्त्यावरून जाणारा गव्हाचा ट्रकवालासुद्धा वेग कमी करून डावीकडे बघतो. गेल्या मोसमात शेजारच्या टॅलबिनच्या संघाला वारिंडाचा एकूण एक डाव आधीच ठाऊक होता. वारिंडा शेवटून पहिला आला.

आल्विन ट्रेझीस हे गावच्या प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे ते अजूनही ‘सर’च. सरांनी नियम लिहिला तो शाळेच्या सवयीनं, पळवाट म्हणून ठेवली नाही. ‘कोणीही, कोणत्याही पदावर असो, कोणत्याही दिशेने व कोणत्याही निमित्ताने संघाचा सराव पाहू नये. जो पाहील, अथवा पाहिलेल्याकडून ऐकेल, त्याचा समितीतील मताधिकार त्या वर्षापुरता रद्द समजावा.’ ऐकणाऱ्याची भर त्यांनी मुद्दाम घातली. शाळेतही ते उत्तर सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्याला एकाच भिंतीशी उभं करत.

नियमाच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो क्लॅरीचा. “फार गरजेचा नियम आहे,” तो म्हणाला. “टॅलबिनला बातम्या कोण पुरवतो देव जाणे. पण पुरवतो कोणीतरी.”

समितीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी छताच्या पंख्यात काहीतरी विशेष दिसलं.

त्याच बैठकीत अध्यक्षबाईंनी, म्हणजे हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या नोलीन हार्टिगननं, सरांचं नाव आजीव सभासदत्वासाठी सुचवलं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, वार्षिक सभेत समितीनं मत द्यायचं आणि सरांचं नाव क्लबच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरात चढायचं. सर वरवर “छे छे, माझं कसलं” म्हणाले. पण परत जाताना फळ्यापाशी दोन मिनिटं थांबले. ‘ए. ट्रेझीस’ घातलं तर डावीकडे थोडी जागा मोकळी राहत होती, म्हणून ‘आल्विन’ पूर्ण लिहावं असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांना फार हवं होतं. त्यांनी मैदानावर आयुष्यात एक गोल मारला नव्हता, पण तीन पिढ्यांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या.

इथवर सगळं ठीक होतं. मग मंगळवार आला, जानेवारीतला पहिला सराव.

पहिल्या सरावाला सर दरवर्षी जातात. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, माश्या हाकलायला वर्तमानपत्र, असा सरंजाम घेऊन ते निघाले आणि फाटकाशी प्रशिक्षक क्विगली आडवा आला. हाही सरांचाच विद्यार्थी, सातचा पाढा अजून कच्चा.

“सर, सराव बंद आहे.”

“ते मला सांगतोस? मीच बंद केलाय.”

“हो ना. म्हणूनच म्हटलं, तुम्हाला नक्की समजेल.”

“अरे, तो नियम बाहेरच्यांसाठी.”

“‘कोणत्याही पदावर असो’ असं लिहिलंय सर. मी फाटकाला चिकटवलंय. अक्षर तुमचंच आहे, सुंदर आहे.”

सरांनी फाटकावरचा कागद वाचला. अक्षर खरंच सुंदर होतं. एका जागी तर खाली रेघ मारलेली होती. त्यांनी खुर्ची उघडली नाही, थर्मास उघडला नाही, आणि जणू कागदाचं शुद्धलेखन तपासायलाच आलो होतो अशा चेहऱ्यानं घरी परतले. कुंपणापलीकडे धप्पधप्प आवाज येत होता. चेंडूवर जोरात लाथ बसल्याचा तो आवाज ऐकून त्यांचा जीव खालीवर झाला.

तो आवाज साधा नव्हता. वारिंडानं या वर्षी नवा फॉरवर्ड आणला होता. फर्गस मॅकगिनेस, टास्मानियाचा गडी, गव्हाचे ट्रक चालवायच्या नोकरीवर आलेला. पबमध्ये दारातून आत येताना तो वाकला आणि जेवताना दोन ताटं मागितली, एवढीच माहिती गावाला होती. पण पोस्टात, खाटकाकडे, दवाखान्यात, जो तो सरांनाच गाठून विचारू लागला, “काय सर, नवीन पोरगा मारतो कसा?” सर म्हणायचे, “मला कल्पना नाही, सराव बंद आहे.” त्यावर लोक डोळा मारायचे. फर्गसबद्दल माहीत नाही म्हणून दुःख, आणि माहीत आहे असा संशय घेतला जातो म्हणून अपमान, अशा दुहेरी कात्रीत ते सापडले.

“एप्रिलमध्ये सामने सुरू होतील तेव्हा बघशील की,” मर्ल म्हणाली. मर्ल म्हणजे त्यांची बायको. “तोवर छपराची पन्हळ साफ कर.”

“एप्रिलमध्ये काय, गाढवंही बघतील.”

“मग त्यांच्यात उभा राहा. कोण ओळखणार आहे?”

सरांनी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. नोलीनच्या दुकानात जाऊन, खिळे बघण्याच्या निमित्तानं, त्यांनी विचारलं की नियमात एखादी लहानशी सवलत घालता येईल का. म्हणजे नियम करणाऱ्याला नियम नीट चालतोय का हे बघायला.

“येईल की,” नोलीन म्हणाली. “खास बैठक बोलवावी लागेल. सगळ्यांना पंधरा दिवस आधी कळवायचं. तूच घातलंयस ते कलम, घाईत कुणी नियम बदलू नये म्हणून.”

“फार कडक आहे ते.”

“मीही तेच म्हणत होते तेव्हा. तू म्हणालास, शिस्त.” तिनं खिळे तोलले आणि आवाज खाली आणला. “तसं बघायला गेलं तर कब्रस्तान टेकडीवर आहे. तिथून मैदान दिसतं. पण तिथे माणूस फुलं ठेवायला जातो, बघायला नाही.”

सर कठोर चेहऱ्यानं म्हणाले की असला आडमार्ग त्यांना शोभणार नाही. गुरुवारी संध्याकाळी ते सासूच्या थडग्यावर फुलं घेऊन गेले.

सासूबाई हयात असताना सर तिच्याकडे नाताळलासुद्धा अंगणापर्यंतच जात असत. त्यामुळे थडगं शोधायलाच वेळ गेला. सापडलं ते मात्र नामी जागी होतं, मैदानाचे दोन्हीकडचे खांब स्वच्छ दिसत होते. सरांनी फुलं ठेवली, चष्मा पुसला, आणि मागून पाद्री लिंडनरचा आवाज आला.

“आल्विन? तू? मर्लच्या आईपाशी?”

पाद्र्याला एवढा आनंद झाला होता की सरांना खरं सांगवेना. लिंडनरनं त्यांना खांद्याला धरून गुडघ्यांवर बसवलं आणि आपण प्रार्थना म्हणू म्हणाला. आता सरांची पाठ मैदानाकडे आणि तोंड पाद्र्याकडे. पाद्र्याचं तोंड अर्थातच मैदानाकडे. सरांनी शिरस्त्याप्रमाणे डोळे मिटले. मागे धप्प असा आवाज झाला.

“हे प्रभू,” पाद्री म्हणाला, “या बाईला तू आपल्या उजव्या... उजव्या... पास दे की... उजव्या हाताशी बसव.”

सरांनी एक डोळा उघडला. पाद्र्याचे दोन्ही उघडे होते आणि सरांच्या डोक्यावरून पलीकडे लागले होते. प्रार्थना संपेना. दिवंगत सासूनंतर लिंडनरनं तिच्या बहिणी घेतल्या, मग दुष्काळ, मग मिशनरी, मग आजारी गुरंढोरं. शेवटी मागून एक प्रचंड धप्प झाला आणि पाद्री ‘आमेन’च्या जागी “अगंआईगं” म्हणाला. सरांनी वळून पाहिलं तेव्हा खेळाडू बाटल्यांतून पाणी पीत होते.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काही नाही. मला तुझी सासू आठवली,” पाद्री म्हणाला आणि डोळे पुसत उतारानं निघून गेला.

घरी मर्लनं विचारलं की पँटच्या गुडघ्यांना माती कसली. “तुझ्या आईला फुलं वाहायला गेलो होतो,” सर म्हणाले. मर्लनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

यानंतर शहाण्या माणसानं नाद सोडला असता. पण सरांनी रात्रभर विचार करून एक युक्तिवाद काढला, आणि असे युक्तिवाद माणसाला फक्त स्वतःशीच बोलताना सुचतात. नियम मोडला तर मत जातं. येत्या सभेत विषय माझ्याच सभासदत्वाचा, तिथे मला तसंही मत नाही. म्हणजे माझं जाणार काय? फक्त दिसता कामा नये. नियम करणारा नियम मोडताना सापडला तर सोनेरी अक्षरं सोडाच, खडूनंही कुणी नाव लिहिणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सरांनी आपली जुनी मोटार मैदानाच्या पश्चिमेला, पेपरकॉर्नच्या झाडांच्या लोंबत्या फांद्यांत मागेमागे घातली. त्यावर गवताच्या गंजीवर टाकायची हिरवी ताडपत्री टाकली आणि समोरच्या काचेपुरतं भोक ठेवून आत शिरून बसले. बाहेर चाळीस अंश ऊन होतं. ताडपत्रीच्या आत किती होतं ते मोजायला यंत्र नव्हतं, पण खिशातल्या चॉकलेटनं थोड्याच वेळात खिसा सोडून मांडी धरली. माश्या आत आल्या त्या बाहेर जायचं नाव घेईनात. कुणाचा तरी कुत्रा आला, त्यानं पुढच्या चाकावर आपलं काम उरकलं आणि मग भोकासमोर बसून सरांकडे टक लावून बघत राहिला. सर दबक्या आवाजात “जा, घरी जा” म्हणाले. शाळेत असताना या आवाजाला अख्खा वर्ग घरी जात असे. कुत्र्यानं शेपूट हलवली.

आणि तेवढ्यात फर्गस दिसला.

तो पार कडेला होता, सीमारेषेला पाय लागतील इतका, आणि तिथून गोलचे खांब जवळजवळ एकाच ओळीत दिसतात. तिथून शहाणा माणूस चेंडू आत फेकतो. क्विगलीही ओरडला की आत दे. ऑस्ट्रेलियाच्या या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घ्यायला मनाई नाही. फर्गसनं तो हातात फिरवला, चार ढांगा टाकल्या आणि लाथ मारली. चेंडू आधी बाहेरच्या बाजूला गेला. गेला, गेला, झाडांवरून गेला, सर मनात म्हणाले की हरवला. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखा तो वळला आणि उंचच उंच, गोलच्या चार खांबांपैकी मधल्या दोघांच्या बरोबर मधून आत शिरला.

आता वारिंडाची एक सवय सांगायला हवी. सामन्याला गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या करायच्या आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवायचा, ही तिथली टाळी. सरांच्या वडिलांनी वाजवला, सरांनी वाजवला. तिथे डोकं वापरायचा प्रश्नच येत नाही, हात आपोआप जातो.

हात गेला.

ताडपत्रीखालून आजारी बैलानं हंबरावं तसा तो हॉर्न वाजला. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचा हॉर्न ओळखू येतो, आणि हा तर शेंबड्या पोरालाही ओळखू आला असता. मैदानावरचे सगळे जागच्या जागी थांबले. क्विगली सावकाश झाडांकडे वळला. कुत्रा भुंकायला लागला. सरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि फळ्यावरची सोनेरी अक्षरं एकेक करून गळताना त्यांना स्पष्ट दिसली.

तेवढ्यात टेनिसच्या छपरीमागून दुसरा हॉर्न वाजला.

मग गव्हाच्या कोठारामागून तिसरा. मग टेकडीवरून, कब्रस्तानातून, पाद्री लिंडनरच्या छोट्या गाडीचा किरटा हॉर्न, एकदा भीत भीत आणि मग मनसोक्त. पाण्याच्या टाकीमागून खाटकाची व्हॅन. मेंढ्यांच्या गोठ्यातून समितीचा खजिनदार. हात तर सगळ्यांचेच शिवशिवत होते, कुणीतरी पहिलं पाप करायचा अवकाश होता. गाव पाच मिनिटं हॉर्न वाजवत होतं. शेवटी मागच्या रस्त्यावरून पत्र्यांनी भरलेल्या हार्डवेअरच्या ट्रकचा भोंगा वाजला. ताडपत्री बाजूला सारून सरांनी पाहिलं. स्टिअरिंगवर नोलीन होती. आणि तिच्या शेजारी बसून, नोलीनचा हात बाजूला करून स्वतः भोंगा दाबत होती ती मर्ल.

“तू?” सर जाऊन म्हणाले. “तू तर एप्रिल म्हणालीस.”

“तुला म्हटलं,” मर्ल म्हणाली. “तुझ्या मांडीला काय लागलंय ते?”

शुक्रवारी वार्षिक सभा भरली. क्लबचा हॉल खच्चून भरला होता, कारण या वेळी काय होतंय हे कुणालाच चुकवायचं नव्हतं. नोलीन उठली आणि घसा साफ करून म्हणाली की आल्विन ट्रेझीस यांना आजीव सभासद करण्याचा विषय आता मताला घेते.

“समितीच्या सदस्यांनी हात वर करा.” मग तीच म्हणाली, “थांबा. ज्यांना मत आहे त्यांनीच.”

खजिनदार हात वर करता करता कान खाजवू लागला. पाद्र्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. खाटीक, तिकीटवाली बाई, खुद्द नोलीन, समितीवरच्या या सगळ्यांनी मंगळवारी हॉर्न वाजवला होता आणि सगळ्यांनी एकमेकांचा ऐकला होता. हॉलभर कुजबुज सुरू झाली. सरांना आपला नियम किती पक्का झालाय ते आता कळलं. त्यात खरंच पळवाट नव्हती.

मागच्या रांगेतून क्लॅरी हॉफमन उठला.

“मी वाजवला नाही,” तो म्हणाला.

खरंच नव्हता वाजवला. क्लॅरीचं घर मैदानाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की कुंपण. हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

“मी बघितलाच नाही सराव,” क्लॅरी म्हणाला. “नियम होता ना. पुढच्या खोलीचे पडदे लावले. पण चेंडूचा आवाज येत होता, म्हणून मागे धुण्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि रेडिओ मोठा केला. दर वेळी. मंगळवारी फारच हॉर्न वाजले, तेव्हा कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा चालू केलं, रिकामंच. मला वाटलं लग्नाची वरात असेल.”

कुणी हसलं नाही. ज्याच्यासाठी नियम केला तो एकटा नियमानं वागला होता, आणि त्याला अजूनही ठाऊक नव्हतं की नियम त्याच्यासाठी होता. सरांना एवढी लाज वाटली की त्यांनी उगीचच चष्मा काढून घातला.

“म्हणजे मत एकच उरलं,” नोलीन म्हणाली. “क्लॅरी, तुझं. एकाच मतानंही होतं. बोल, आल्विनला करायचं का आजीव?”

क्लॅरी रांगांमधून पुढे आला, थेट सरांसमोर. हात वर करायला निघाला आणि थांबला.

“करतो की. एवढं एकच सांग मला आधी,” तो अगदी हळू म्हणाला, म्हणजे क्लॅरीच्या मानानं हळू, हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. “पोरगा मारतो कसा?”

सरांनी तोंड उघडलं. ‘आधी हात वर कर, मग सांगतो’ एवढंच म्हणायचं होतं, दोन सेकंदांचं काम. नियमात ऐकणाऱ्याचंही मत जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फळा समोरच होता. आणि क्लॅरीही समोर होता, जानेवारीच्या उकाड्यात धुण्याच्या खोलीत बसून आलेला, मंगळवारपासून कुणालाही न विचारता राहिलेला.

आणखी एक गोष्ट होती, ती सरांनी नंतरही कुणाला सांगितली नाही. तो गोल पाहिल्यापासून त्यांना एक मोठा त्रास होत होता. सांगायला जावं तर जो तो म्हणायचा, “हो हो, मी टाकीमागून पाहिला.” अख्ख्या गावात गोल न पाहिलेला एकच माणूस उरला होता.

“अरे क्लॅरी,” सर म्हणाले, आणि मग ते थांबलेच नाहीत. “तो पार कडेला होता बघ. रेषेवर. खांब दिसत नाहीत तिथून.”

“सर, मत,” क्विगली मागून कळवळून म्हणाला.

“गप्प बस. चेंडू असा धरला, तिरका. सगळे म्हणतायत आत दे, आत दे.”

“आत द्यायलाच पाहिजे तिथून,” क्लॅरी म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

“नाही दिला. आता बघ.” सरांनी टेबलावरचा लॅमिंग्टन केकचा डबा उचलला, काखेत धरला, आणि दोन खुर्च्या सरकवून चार ढांगा टाकल्या. पाय वर गेला तेव्हा पँट टर्रकन कुठेतरी उसवली. डबा हातातच राहिला, पण झाकण उडालं आणि केक खोबऱ्यासकट पहिल्या दोन रांगांवर गेले.

नोलीननं हताशपणे जाहीर केलं की ज्याअर्थी क्लॅरी हॉफमन यांनीही ऐकलेलं आहे, त्याअर्थी मत देणारं कोणी उरलं नाही, आणि हा विषय पुढच्या वर्षी घेण्यात येईल. मर्लनं केसांतलं खोबरं झटकत सरांकडे पाहिलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही, फळ्याकडे पाहिलं नाही. नोलीनचं बोलणं त्यांना ऐकू आलं की नाही हेही सांगता येत नाही.

“थांब, थांब,” क्लॅरी त्यांचा दंड धरून म्हणाला. “वारा कुठून होता ते सांगितलंच नाहीस. आणि त्याचा डावा पाय कुठे पडला? असं गडबडीत नको. नीट सांग.”

“वारा उत्तरेचा,” सर म्हणाले आणि खुर्च्या पुन्हा जागेवर लावायला लागले. “तू तिथे उभा राहा, तू खांब. मी पहिल्यापासून दाखवतो.”